शेवटचा शब्द ऐकू आला पाहिजे

(मंडळाच्या मासिक सभेत बडोदे येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सभेच्या पत्रकात माझ्या भाषणाचा विषय ‘संगणकावरच्या लेखन-साधनातले ध्वनिदोष आणि त्यांची दुरुस्ती’ असा छापला आहे. तो वाचून दोघातिघांनी मला जिन्यातच गाठलं. “अरे, आपल्या व्यासपीठावर मराठी शाळेचा प्रश्न येतो, भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांचा येतो. तू हे रेडिओ दुरुस्तीसारखं काय काढलंस?” प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून आधी एक घटना सांगतो. ती माझ्या घरातली आहे आणि तिच्यातली चूकही माझीच आहे.

माझे काका मंडळाचा पत्रव्यवहार बघतात. काचबिंदूनं त्यांची दृष्टी हळूहळू गेली, पण काम सोडायला ते तयार नव्हते. “वाचून दाखवायला रोज कोणाला बसवू? मला माझं वाचता आलं पाहिजे,” असं त्यांचं म्हणणं. आंधळ्या वाचकांसाठी तयार साधनं आहेत. विंडोजवर एनव्हीडीए आहे, लिनक्सवर ऑर्का आहे, दोन्ही फुकट मिळतात आणि बहुतेकांनी तीच वापरावीत. काकांना मात्र फार कळा पाठ करायच्या नव्हत्या. खालचा बाण दाबला की पुढची ओळ संगणकानं मराठीत बोलायची, एवढंच त्यांना हवं होतं. म्हणून मी त्यांच्या संगणकावर ईमॅक्स नावाचा मजकूर लिहिण्याचा एक जुना, भरवशाचा प्रोग्रॅम बसवला, त्याला मराठी बोलणारा ईस्पीक एनजी हा प्रोग्रॅम जोडला, आणि दोघांमधला दुवा म्हणून एक छोटी आज्ञावली स्वतः लिहिली.

एके दिवशी एका कार्यालयाचं उत्तर आलं. मराठी वर्गाला जागा मिळावी म्हणून आपण अर्ज केला होता, त्याचं. मूळ पत्र गुजरातीत होतं. आपल्यापैकी एकानं त्याचा मराठी गोषवारा टाइप करून काकांकडे पाठवला. काकांनी बाण दाबला. संगणक बोलला, “या वर्षीचा अर्ज मंजूर”. काकांनी पुन्हा बाण दाबला. काही बोलला नाही. पुन्हा दाबला, पुन्हा शांतता. पत्र संपलं असं समजून त्यांनी फोन उचलला आणि कार्यकारिणीतल्या तिघांना आनंदाची बातमी दिली.

पडद्यावर ओळी होत्या त्या अशा: “या वर्षीचा अर्ज मंजूर झालेला नाही.” खाली, “फेरअर्ज करावा.” त्याखाली, “मुदत १५ दिवस.”

गोषवारा लिहिणाऱ्यानं चौथ्या दिवशी फेरअर्जाची चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. फेरअर्ज मुदतीत गेला, म्हणून आज ही गोष्ट तुम्हाला सांगता येते. मुदत टळली असती तर वर्षभर मुलांचा वर्ग व्हरांड्यातच भरला असता. आणि त्याचं कारण कोणत्याही अधिकाऱ्याचा आकस नसून माझ्या आज्ञावलीतली एक ओळ ठरली असती.

आता ही चूक झाली कशी ते सांगतो. तांत्रिक आहे, पण घरातल्या नळापेक्षा अवघड नाही.

पहिला संशय अर्थातच बोलणाऱ्या आवाजावर आला. ईस्पीक एनजी मराठीतलं ‘नाही’ खातो की काय? ते तपासणं सोपं होतं. तेच वाक्य त्याच्याकडून फाइलमध्ये बोलवून घेतलं आणि गाणी ऐकायच्या साध्या प्रोग्रॅमवर वाजवलं. वाक्य पूर्ण ऐकू आलं. म्हणजे आवाज निर्दोष, स्पीकर निर्दोष. दोष मधल्या वाटेवर, म्हणजे माझ्या आज्ञावलीत. दुरुस्तीच्या कामात ही पहिली पायरी असते. वाटेचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळा तपासायचा. अंदाजानं दहा ठिकाणी हात घातला तर दोष जागच्या जागी राहतो आणि नवे दोन निर्माण होतात.

संगणकात आवाज म्हणजे आकड्यांची एक रांग असते. ईस्पीक एनजी एका सेकंदाच्या बोलण्यासाठी २२,०५० आकडे तयार करतो. प्रत्येक आकड्याला दोन बाइट लागतात, म्हणजे सेकंदाला ४४,१०० बाइट. हे आकडे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे नळीतून जातात. नळी हा माझा शब्द नाही, लिनक्समध्ये तिला पाइपच म्हणतात. सर्वसाधारणपणे तिच्यात ६५,५३६ बाइट मावतात. भागाकार केलात तर सुमारे दीड सेकंदाचं बोलणं होतं. आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखं हे आहे. खालचा पंप बंद झाला तरी टाकीतलं पाणी नळाला येतच राहतं.

माझी आज्ञावली काय करत होती? सगळे आकडे नळीत ओतून झाले की ‘काम संपलं’ असं मानून वाजवणारा प्रोग्रॅम तडकाफडकी बंद करत होती. ओतून झालं म्हणजे वाजून झालं, असं मी धरलं होतं. प्रत्यक्षात दीड सेकंदापर्यंतचं बोलणं अजून नळीतच होतं, ते तिथेच मेलं. काका नवखे असल्यानं त्यांनी बोलण्याचा वेग कमी ठेवला होता. त्या वेगानं ‘झालेला नाही’ हे दोन शब्द नेमके त्या उरलेल्या भागात सापडले. आणि ‘फेरअर्ज करावा’, ‘मुदत १५ दिवस’ या ओळी मुळातच एवढ्या छोट्या की त्या सबंधच्या सबंध नळीत राहिल्या. लांब ओळीचं शेपूट तुटतं आणि छोटी ओळ उमटतच नाही, या दोन वेगळ्या तक्रारी वाटत होत्या. मूळ एकच होतं.

उपाय दोन-तीन ओळींचा निघाला. ओतणं संपलं की फक्त ‘आता आणखी येणार नाही’ एवढाच निरोप द्यायचा, आणि वाजवणाऱ्याला आपलं काम पुरं करून आपणहून थांबू द्यायचं. मधेच बंद करायचं ते एकाच वेळी, काकांनी दुसरी कळ दाबली तर.

तुम्ही विचाराल, मग ती बंद करण्याची ओळ मुळात घातलीच कशाला? तिलाही इतिहास आहे. ईमॅक्समध्ये ध्वनी वाजवण्याची स्वतःची एक आज्ञा आहे. वेव्ह आणि एयू या दोन प्रकारच्या फाइली ती वाजवते. पण ती वाजत असेपर्यंत बाकी सगळं थांबवून ठेवते. ओळ मोठी असली की काका कळा दाबत राहायचे, संगणक ढिम्म, आणि आवाज संपला की तुंबलेल्या सगळ्या कळा एकदम लागू होऊन ते भलत्याच ओळीवर जाऊन पडायचे. म्हणून मी वाजवण्याचं काम वेगळ्या प्रोग्रॅमकडे दिलं. मग दुसरं संकट आलं. काकांनी भराभर तीन वेळा बाण दाबला की तीन वाजवणारे एकदम सुरू व्हायचे आणि तीन आवाज एकमेकांवर चढायचे. लग्नघरात जसं सगळे एकदम बोलतात तसं. त्याला आवर घालायला मी ती बंद करण्याची ओळ घातली आणि घाईत चुकीच्या जागी घातली. एका दोषाची दुरुस्ती करताना दुसरा दोष जन्माला येतो, हे प्रोग्रॅमरांना नवं नाही. सार्वजनिक कामात वावरलेल्या तुम्हा मंडळींनाही ते नवं नसावं.

आता खरा विचारण्यासारखा प्रश्न. मी काकांच्या हाती देण्याआधी तपासून पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं. पण इंग्रजी मदतपुस्तिकेतल्या लांबलचक ओळींवर पाहिलं होतं, आणि डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं. कानांना जे ऐकू आलं नाही ते पडद्यावर बघून माझ्या मनानं भरून काढलं. ऐकणाऱ्याचं मन वाक्य पुरं करतंच. काकांच्याही मनानं ते पुरं केलं, पण त्यांच्यासमोर पडदा नव्हता. ‘अर्ज मंजूर’ एवढं ऐकल्यावर त्यांनी पुढे ‘झाला’ जोडलं. कोणीही जोडलं असतं.

इथे आपल्या भाषेचा प्रश्न येतो. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी बसतो. नाही, नको, नये, नव्हता, नाहीत. ‘मुदत वाढवता येणार’ आणि ‘मुदत वाढवता येणार नाही’ यांत फरक शेवटच्या शब्दाचा. इंग्रजीत ‘नॉट’ क्रियापदाच्या आधी येतो, हिंदीतही ‘मंजूर नहीं हुआ’ असंच बहुधा म्हणतात. तिथे शेपूट तुटलं तरी नकार शाबूत राहतो. इंग्रजीत तपासणाऱ्याला हा दोष किरकोळ वाटेल, शेवटचा शब्द जरा अस्पष्ट येतो एवढीच तो नोंद करील. मराठीत तोच दोष नकाराचा होकार करून टाकतो. आपल्या गुजराती शेजाऱ्यांचीही हीच गत, कारण त्यांचं ‘नथी’ शेवटी येतं. बेळगावकडच्या कन्नड शेजाऱ्यांचा नकारही क्रियापदाच्या शेपटालाच लागतो. इतर बाबतींत आपले आणि शेजाऱ्यांचे वाद असतील, या बाबतीत आपण एकाच नावेत आहोत.

हे झालं शेपटाचं. आठ-पंधरा दिवसांनी काकांनी डोक्याची तक्रार आणली. “आता शेवट नीट येतो रे, पण मधे थोडा वेळ थांबलो की पहिलं अक्षर गिळतो.” मी चाचणीसाठी त्यांना एक शब्द दिला होता, ‘अपात्र’. त्यांना ऐकू आला ‘पात्र’. यावेळी आज्ञावलीचा दोष नव्हता. वीज वाचवण्यासाठी संगणकातला ध्वनीचा भाग काही सेकंद काम नसलं की झोपी जातो. नवीन आवाज आला की जागा होतो, पण जागं होण्याच्या त्या क्षणात सुरुवातीचा ध्वनी हरवतो. उपाय दोन. प्रत्येक ओळीआधी थोडी शांतता वाजवायची, म्हणजे जागं होताना हरवेल ती शांतता. किंवा वीज-बचत बंद करायची. पहिल्या उपायानं प्रत्येक ओळीला उशीर झाला असता. काकांचा संगणक कायम भिंतीच्या विजेवरच चालतो, म्हणून मी बचत बंद केली.

पण कार्यालयीन मराठीकडे जरा या नजरेनं पाहा. अमान्य, अपात्र, अवैध, अपूर्ण, नामंजूर, नापसंत, गैरहजर, बिनशर्त. ज्या अक्षरावर सगळा निकाल अवलंबून ते नेमकं पहिलं. म्हणजे आपली भाषा अर्थाचा मोठा भार वाक्याच्या दोन टोकांवर ठेवते, आणि ध्वनी वाजवणाऱ्या यंत्रांच्या चुका बहुतेक या दोन टोकांवरच होतात. हे अमेरिकेतल्या प्रोग्रॅमरला सुचणार नाही. त्याचा त्यात अपराधही नाही. ते आपल्यालाच सुचायला हवं, आपणच ऐकून सांगायला हवं.

असं ऐकून सांगणाऱ्याचं एक थोर उदाहरण आपल्या जवळचं आहे. डॉ. टी. व्ही. रामन हे पुण्यात वाढले. काचबिंदूमुळेच वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुणे विद्यापीठातून त्यांनी गणिताची पदवी घेतली, पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकले आणि १९९४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता, गणिती सूत्रं असलेला मजकूर संगणकानं कानाला समजेल असा कसा वाचावा. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, त्यांनी ईमॅकस्पीक प्रसिद्ध केला. मी काकांसाठी ज्या ईमॅक्सची निवड केली, त्याच ईमॅक्सला त्यांनी बोलतं केलं.

त्यांच्या कामातली एक कल्पना मला फार महत्त्वाची वाटते. पडद्यावर दिसतं ते जसंच्या तसं वाचून दाखवणं त्यांना पुरेसं वाटलं नाही. फाइल उघडली, जतन झाली, मजकूर पुसला गेला, अशा प्रत्येक कृतीला त्यांनी एक बारीकसा ध्वनी दिला. डोळस माणसाला चित्र पाहून जे कळतं ते आंधळ्याला त्या ध्वनीनं कळतं, आणि बोलण्यात वेळ जात नाही. पण मग या ध्वनीत बिघाड झाला तर काय होतं, याचाही विचार करा. ‘जतन झाली’ हा ध्वनी आला नाही, तर लिहिणाऱ्याला तासाभराचं काम राहिलं की गेलं हे कळायचा मार्ग उरत नाही. डोळसाला जी किरकोळ कुरकुर वाटते ती त्याच्यासाठी काम बंद पडणं असतं.

रामन यांना हे करता आलं याचं एक कारण त्यांची बुद्धी. दुसरं कारण, ईमॅक्सची आतली रचना कोणालाही उघडून पाहता येते आणि बदलता येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये ग्नू ईमॅक्स लोकांच्या हाती दिला. तत्त्व असं की प्रोग्रॅम वापरायला, त्याचा अभ्यास करायला, त्यात बदल करायला आणि तो वाटायला मोकळीक असावी. ईस्पीकही तसाच. जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ च्या सुमारास तो सुरू केला, आणि २०१५ पासून ईस्पीक एनजी या नावानं इतरांनी तो पुढे नेला. त्यात मराठीही आहे. मराठीचे उच्चार कुठे चुकत असतील तर नियमांची फाइल उघडी आहे. ‘चमचा’मधला च आणि ‘चहा’मधला च आपण लिहितो सारखाच, बोलतो वेगळा. यंत्राला ते कोणीतरी सांगावं लागतं. आणि सांगणाऱ्यानं प्रोग्रॅमर असलंच पाहिजे असं नाही, त्याला मराठी यायला हवं.

आता मंडळाच्या कामाशी याची सांगड घालतो. आपल्या चळवळीचं मुख्य हत्यार निवेदन. आपल्या वाडवडिलांनी निवेदनं लिहिली, आपण लिहितो. त्यातली कामाची कोणती आणि केराच्या टोपलीतली कोणती, हे काकांना विचारा. ‘मराठी भाषकांवर सतत अन्याय होत आहे’ या वाक्यानं कोणतंही कार्यालय हललं नाही. ‘अमुक शाळेत, अमुक इयत्तेत, अमुक तारखेपासून मराठीचा शिक्षक नाही, नियम अमुक आहे’ असं लिहिलं की निदान कागद पुढच्या टेबलावर जातो. प्रोग्रॅमच्या दोषाची तक्रारही अशीच लिहावी लागते. ‘आवाज नीट येत नाही’ हे निरुपयोगी. कोणता संगणक, प्रोग्रॅमची कोणती आवृत्ती, कोणतं वाक्य दिलं, काय ऐकू यायला हवं होतं, काय ऐकू आलं, प्रत्येक वेळी होतं की कधी कधी. काकांची दुसरी तक्रार आठवा. ‘थोडा वेळ थांबलो की’ हे चार शब्द त्यांनी सांगितले म्हणून मला झोपणाऱ्या यंत्राचा सुगावा लागला. आयुष्यभर निवेदनं लिहिलेल्या माणसानं केलेली तक्रार होती ती.

निवेदनात आणि या कामात एक फरक मात्र आहे. निवेदन देऊन आपण वाट पाहतो. उघड्या प्रोग्रॅममध्ये तक्रारीबरोबर दुरुस्तीही पाठवता येते. एकाची दुरुस्ती स्वीकारली गेली की ती इंदूरला, ग्वाल्हेरला, हैदराबादला, बेळगावला सगळ्यांना मिळते. त्यासाठी कोणत्या राज्यात आपण किती टक्के आहोत हे कोणी विचारत नाही.

कायदा आपल्या बाजूला आहे, हेही नोंदवतो. राज्यघटनेच्या २९ व्या अनुच्छेदानं आपली भाषा, लिपी, संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं ३५० अ आणि ३५० ब हे अनुच्छेद आले. त्यांतून मातृभाषेत प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर आली आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला गेला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि माहिती त्यांना वापरता येईल अशा स्वरूपात मिळावी अशी तरतूद त्यात आहे. छापील पुस्तकं आंधळ्या वाचकांसाठी सुलभ स्वरूपात आणण्याचा मार्ग मोकळा करणारा माराकेश करार २०१३ साली झाला, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. एकीकडे मराठी माणूस म्हणून हक्क, दुसरीकडे दृष्टी गेलेला माणूस म्हणून हक्क. काकांना दोन्ही होते. तरीही त्या दिवशी त्यांना ‘नाही’ ऐकू आलं नाही. कायदा ते पत्र त्यांच्या संगणकापर्यंत आणू शकतो. नळीत अडकलेला शब्द काढायला कोणीतरी बसावं लागतं.

आणि एकदा बसून भागत नाही. लिनक्सवरची ध्वनीची व्यवस्थाच आजवर कितीदा बदलली पाहा. सुरुवातीला बऱ्याच संगणकांवर एका वेळी एकच प्रोग्रॅम आवाज काढू शके, दुसऱ्याला ‘उपकरण व्यस्त आहे’ असं उत्तर मिळे. २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स २.६ मध्ये अल्सा ही नवी व्यवस्था आली. २००७-०८ मध्ये फेडोरा आणि उबुंटूनं पल्सऑडिओ आणला. २०२१ मध्ये फेडोरानं पाइपवायर आणला. प्रत्येक बदल सुधारणेसाठीच होता. पण प्रत्येक बदलानंतर कोणाचं तरी चालू असलेलं बंद पडतं, आणि पुन्हा कोणीतरी कान देऊन ऐकावं लागतं. मराठी शाळेसारखंच आहे हे. एकदा मंजुरी मिळाली म्हणून कोणी निवांत बसलं तर पाच वर्षांनी तिथे वर्ग उरत नाही.

आपण ज्या शहरात बसलो आहोत तिथे सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना आणून गावोगाव वाचनालयांची व्यवस्था उभी केली. पुस्तक वाचकापर्यंत गेलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. आपल्या घरांतल्या आजी-आजोबांची दृष्टी आज क्षीण होत आहे. त्यांच्यापर्यंत पुस्तक पोहोचायचं तर ते कानावाटे पोहोचेल. हे काम महाराजांच्या त्या कामाचाच पुढचा भाग आहे असं मी समजतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो आणि संपवतो.

पहिली आपल्याच पत्रिकेबद्दल. आपले जुने अंक संगणकावर जुळवले गेले ते वेगवेगळ्या खासगी फाँटांत. त्या फाइली पडद्यावर मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरांचे संकेत आहेत, त्यांना फक्त मराठीचा मुखवटा चढवलेला आहे. बोलणाऱ्या प्रोग्रॅमला मुखवटा दिसत नाही, तो आतली निरर्थक अक्षरं वाचतो. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे. जुने अंक युनिकोडमध्ये आणले पाहिजेत. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण जोडाक्षरं चुकतात, रफार हलतात, म्हणून प्रत्येक पान माणसानं वाचावं लागेल. शालान्त परीक्षा संपलेली मुलं आणि निवृत्त मंडळी, दोघांनी मिळून करण्यासारखं हे काम आहे.

दुसरी, मराठी चाचणी-वाक्यांची एक यादी करू या. नकार शेवटी असलेली, ‘अ’नं सुरू होणारी, दोन शब्दांची, अर्ध्या पानाची, आकडे आणि तारखा असलेली. कोणताही बोलणारा प्रोग्रॅम कोणाच्याही घरी बसवला की आधी ही यादी ऐकायची, आणि डोळे मिटून ऐकायची. मी ते केलं असतं तर आजचं हे भाषण झालंच नसतं.

तिसरी, तरुण मंडळींसाठी. आपल्या बहुतेक घरांत एक तरी मुलगा किंवा मुलगी संगणकाच्या नोकरीत आहे. दिवसभर ती इतरांच्या प्रोग्रॅममधले दोष काढतात. महिन्यातली एक संध्याकाळ त्यांनी काका-काकूंच्या शेजारी बसून काढावी. लगेच आज्ञावली लिहायला घेऊ नये. आधी नुसतं बघावं, त्यांना काय ऐकू येतं आणि काय येत नाही.

ईस्पीकचा आवाज यांत्रिक आहे. आमच्या घरातली मुलं त्याची नक्कल करून हसतात. त्यापेक्षा गोड आवाज आता मिळतात, म्हणून मी काकांना विचारलं, “बदलून देऊ का?” ते म्हणाले, “गोड राहू दे. याचं पूर्ण ऐकू येतं आता, तेवढं पुरे.” मग त्यांनी ते जुनं पत्र उघडून मला ऐकवलं. या वर्षीचा अर्ज मंजूर झालेला नाही. फेरअर्ज करावा. मुदत १५ दिवस. तिन्ही ओळी शेवटपर्यंत.

फेरअर्जाचं उत्तर अजून यायचं आहे. ते आलं की काका स्वतः वाचतील, आणि यावेळी फोन करण्याआधी शेवटचा शब्द दोनदा ऐकतील, असं त्यांनी मला सांगायला सांगितलं आहे.